पाचपट रोपांचा हिशेब

‘एक तोडलं तर पाच लावू.’ किनाऱ्यावर पूल, रस्ता किंवा रेल्वेमार्ग आखला आणि वाटेत खारफुटी आली की हे आश्वासन हमखास मिळतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली, तेव्हाही पाचपट लागवडीची हमी पुढे केलेली होती. परवानगी मागावी लागली ती याच न्यायालयाच्या २०१८ च्या निकालामुळे. खारफुटीचा नाश हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, तो सार्वजनिक हितासाठी आणि न्यायालयाला विचारूनच करता येईल, असं त्यात म्हटलं आहे. रेल्वे नकोच, असं मी म्हणत नाही. माझा विरोध त्या पाचच्या गुणाकाराला आहे.

आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो. झाड पुन्हा वाढतं. खारफुटीच्या रोपवाटिका आहेत. २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष काम करतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचं खारफुटीचं क्षेत्र २०१७ मध्ये ३०४ चौरस किलोमीटर होतं, ते २०२१ मध्ये ३२४ झालं. एकूण वाढत असेल, तर इथलं थोडं गेलं म्हणून काय बिघडलं? आकडे खरे आहेत आणि कक्षाने घेतलेले कष्टही खरे आहेत. पण या युक्तिवादात कांदळवन म्हणजे झाडांची बेरीज, असं धरून चाललेलं आहे. चूक तिथेच आहे.

उधाणाच्या दिवशी पाणी ओसरल्यावर खाडीकाठी जाऊन पाहावं. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी हजारो श्वसनमुळं वर आलेली असतात, कारण त्या चिखलात हवा नसते. कांदळ कमानदार आधारमुळांवर उभा असतो. त्याचं बी झाडावरच रुजतं, हिरव्या लांब शेंगेसारखं लोंबतं, मग गळून चिखलात रुततं किंवा भरतीबरोबर दूर जातं. कुठल्या जातीने कुठे उभं राहायचं हे किती वेळ पाणी चढून राहतं, ते किती खारट आहे, गाळ किती मऊ आहे यावर ठरतं. वीतभर उंचीच्या फरकाने जात बदलते. मुळांच्या त्या जाळीत कोळंबीची पिल्लं लपतात, चिंबोरी बिळं करते, निवट्या उड्या मारतात, जिताड्याची पिल्लं वाढतात. खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याला विचारा, तो झाडं मोजत नाही. कुठल्या वळणावर, कुठल्या तिथीला काय मिळतं ते सांगतो.

अशी जागा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मग रोपं कुठे लावतात? जिथे जागा मोकळी दिसते तिथे, आणि खाडीत मोकळी दिसणारी जागा बहुधा उघडा चिखल असतो. खारफुटी तिथे आपणहून आलेली नसते, याला कारण असतं: पाणी फार वेळ राहतं, किंवा लाटांचा मार मोठा असतो. फिलिपाइन्समध्ये कित्येक वर्षं अशीच मोठी लागवड झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दीर्घकाळ तगलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्केच निघालं. त्या हिशेबाने लावलेल्या पाचांतलं एखादं जगतं, तेही चुकीच्या ठिकाणी.

शिवाय रोप जगलं, तर तो चिखल जातो. उघड्या चिखलाला ओसाड समजणं हा जुना गैरसमज आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. रोहित खातात ते उथळ पाण्यात, उघड्या चिखलावर, झाडांत नव्हे. शहराचा गाळ आणि सांडपाणी येऊन खाडी उथळ होते, तसा चिखलाच्या कडेने तिवर पुढे सरकतो. म्हणून अहवालातली प्रत्येक वाढ खाडीच्या प्रकृतीची खूण मानता येत नाही.

खारफुटी गेली तर वादळ आणि पुरापासून वाचायला भिंत बांधू, असं कोणी म्हणतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे माणसं कमी दगावली, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं. तो पट्टा त्याच गावांपुढे होता, म्हणून उपयोगी पडला. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीच्या पाण्याने जिथे पसरायचं त्या खाजणांतली कितीतरी भरावाखाली गेलेली होती. मिठीकाठचं खाजण पालघरमध्ये लागवड करून परत मिळत नाही. खारफुटीचा कार्बनही बहुतांश झाडात नसतो, शतकानुशतकं साचलेल्या चिखलात असतो. पाच रोपांनी तो एका पिढीत भरून येत नाही.

मग करावं काय? पहिलं काम पाण्याचं. बांध, राडारोडा, रस्त्याखालच्या तुंबलेल्या मोऱ्या यांमुळे भरती आत यायची थांबली की खारफुटी उभी वाळते. मोरी मोकळी करा, बांधाला तोंड पाडा, चिखलाची उंची मूळपदावर आणा. भरती सुरळीत झाली आणि जवळपास झाडं असली की बिया पाण्याबरोबर येतात आणि आपापली जागा धरतात. खर्च रोपवाटिकेपेक्षा नेहमीच कमी येईल असं नाही, पण जे उगवतं ते टिकतं.

तोड खरोखर टळतच नसेल, तर बदल्याचं काम त्याच खाडीत व्हावं आणि कुऱ्हाड पडण्याआधी सुरू व्हावं. बिल रोपं लावल्याच्या दिवशी निघू नये, पाच-सात पावसाळे उलटल्यावर काय उभं आहे ते पाहून निघावं. पाहणाऱ्यांत त्या खाडीत मासेमारी करणारे कोळी असावेत, बायकाही असाव्यात, कारण ओहोटीला चिखलात उतरून कालवं आणि शिंपल्या काढतात त्याच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या महिला होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. कुठली जात कुठे उभी आहे ते त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असतं. पुढचा प्रकल्प आखताना कागदावर रेघ ओढण्याआधी अशा बायकांना त्या होडीतून मार्गाची जागा दाखवायला सांगावी.