दुसरी सही कुणाची?

व्हॉट्सॲपवर आलेली धमकी किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण पेनड्राइव्हवर घेऊन शिवाजीनगर न्यायालयात येणाऱ्या पुणेकराला आता एका प्रमाणपत्रावर दोन सह्या आणाव्या लागतात. एक पुरावा हजर करणाऱ्याची, दुसरी तज्ज्ञाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ६३ वे कलम तसे सांगते. शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा अंकाक्षरी ठसा, नोंदवावा लागतो. पण हा तज्ज्ञ शोधायचा कुठे? कलमात त्याचे सरळ उत्तर नाही.

प्रमाणपत्र जुन्या कायद्यातही लागत असे; त्यापायी किती फरफट होते, हे जालन्याने दाखवले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांची उमेदवारी दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाली, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्याच कचेरीतल्या कॅमेऱ्यांचा. कचेरी सरकारी, कॅमेरा सरकारी. प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही मिळेना! अखेर अधिकाऱ्याने पिंजऱ्यात दिलेल्या साक्षीच्या आधारे औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी प्रमाणपत्र अनिवार्यच ठरवले. पण ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले त्याला अशक्याची सक्ती करता येत नाही, असे म्हणत तो निकाल कायम ठेवला. अडून बसलेल्याकडून प्रमाणपत्र मागवण्याचा न्यायालयाचा अधिकारही त्या निकालात आहे. तो पहिल्याच तारखेला वापरला पाहिजे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये काही आठवड्यांत जुन्यावर नवे चित्रण चढते; ते काही पुढच्या तारखेची वाट पाहत नाही.

तरीही हा कागद किती सांगतो, याचे भान हवे. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये आरोपी रोना विल्सन यांचा संगणक जप्त केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने दावा केला, की जप्तीपूर्वीच घातक सॉफ्टवेअरद्वारे त्यात आक्षेपार्ह पत्रे पेरली गेली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो फेटाळला. खरेखोटे खटल्यात ठरेल. पण हॅश व्हॅल्यू घेतल्या क्षणापासून पुढे बदल झाला की नाही, एवढेच सांगते. त्याआधी त्या डिस्कमध्ये कोण शिरले होते, यावर ती मुकी असते. म्हणून आरोपीच्या तज्ज्ञाला डिस्कची हुबेहूब प्रत वेळेत मिळणे, ही मेहेरबानी नव्हे. मेमरी कार्डातील मजकूर हा ‘दस्तऐवज’ असून आरोपीला त्याची प्रत सामान्यतः मिळायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले आहे. ती वर्षानुवर्षे अर्ज करून मिळणार असेल, तर त्या हक्काला काय अर्थ?

झडतीचे चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने बंधनकारक केलेच आहे. मग त्याच कॅमेऱ्यासमोर हॅश व्हॅल्यू काढावी, मोठ्याने वाचावी, पंचनाम्यात लिहावी आणि तिची प्रत संगणकमालकाच्या हाती द्यावी. त्यासाठी डिस्कला धक्का न लावता ती वाचू देणारा राइट ब्लॉकर तपास पथकाकडे हवा. गृह खात्याने तो प्रत्येक पोलीस ठाण्याला द्यावा. तोवर उच्च न्यायालयाने निदान दुसरी सही करू शकणाऱ्या तज्ज्ञांची जिल्हावार यादी, त्यांच्या शुल्कासह, न्यायालयांच्या सूचना फलकांवर लावायला सांगावे. शिवाजीनगरपासून सुरुवात करावी.