गोळीतील औषध कोण मोजणार?

दिवसभर ऊस तोडून पाठ धरलेला मजूर संध्याकाळी शिरूर किंवा दौंडच्या औषध दुकानात येतो आणि अंगदुखीच्या दोन गोळ्या मागतो. दुकानदार स्ट्रिप कापून देतो. तीवर ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असे छापलेले असते. आत तितके आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग त्या मजुराला नाही. दुखणे थांबले नाही तर तो दोष दुखण्याला देतो, गोळीला नव्हे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाची प्रत केवळ विक्रेत्यालाच ठाऊक असेल, तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. मोटार निदान चालवून पाहता येते.

वस्तुतः गोळीतील औषध अचूक मोजता येते. पॅरासिटामॉलच्या गोळीत छापील मात्रेच्या ९५ ते १०५ टक्के, म्हणजे सरासरी ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम औषध असावे, असा भारतीय औषधकोशाचा दंडक आहे. वीस गोळ्या वजन करून कुटायच्या, भुकटी द्रावणात विरघळवून गाळायची आणि त्यातला थेंबभर अंश बारीक कणांनी भरलेल्या नळीतून मोठ्या दाबाने पुढे ढकलायचा. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. अतिनील प्रकाश तो किती शोषतो याचा आलेख उमटतो आणि प्रमाणित नमुन्याशी ताडून मात्रा ठरते. एकाच गोळीत दोन वेदनाशामके असली, तरी ती अशी वेगळी मोजता येतात. हीच द्रव क्रोमॅटोग्राफी. ‘गोळीत नुसता खडू असतो’ अशी शंका आपल्याकडे नेहमी ऐकू येते. गंमत अशी की, विसाव्या शतकाच्या आरंभी मिखाईल त्स्वेत यांनी या विद्येचा पाया घातला, तो खडूच्याच भुकटीने भरलेल्या नळीतून पानांतील रंगद्रव्ये वेगळी करून.

दौंड तालुक्यातच, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, औषधद्रव्यांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत हे उपकरण रोजच्या कामाचे असते. ग्राहकासाठी मात्र ते सरकारी प्रयोगशाळेतच. सरकार तपासत नाही असे नव्हे. केंद्रीय यंत्रणा अप्रमाणित औषधांची यादी दरमहा प्रसिद्ध करते आणि ऑगस्ट २०२४ च्या यादीत पॅरासिटामॉलच्या गोळ्याही होत्या. पण अहवाल येईपर्यंत त्या खेपेतील कितीतरी गोळ्या पोटात गेलेल्या असतात. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, न्या. लेंटिन यांच्या चौकशीने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. तेव्हा केवळ निरीक्षकावर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ अन्वये कोणीही ग्राहक, आणि १९८६ च्या दुरुस्तीपासून मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही, विकत घेतलेले औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. सहीचा अहवाल मिळणे हा हक्क आहे. ज्या पुणे जिल्ह्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेथील तालुक्याच्या गावी शिक्षक आणि कारकून मंडळींनी वर्गणी काढून वर्षाकाठी चार नमुने धाडणे अवघड नाही. अडचण निराळीच आहे. कापून दिलेल्या दोन गोळ्यांमागे उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक बहुधा नसतोच. बिल तर कोणी मागतही नाही. सुरुवात तेथून करावी लागेल.