सुपर-स्पेशालिटीची पायरी आणि 'सरासरी' गुणांचे डॉक्टर

आपल्या समाजात मुलीला किंवा मुलाला एमबीबीएसला प्रवेश मिळाला की चौकात बॅनर लागतो. एमडी झाले की विहारात सत्कार होतो. त्यापुढे डीएम किंवा एमसीएच नावाची आणखी एक पायरी असते, हे मात्र अनेक घरांना तोपर्यंत ठाऊकही नसते. हृदयरोग, मेंदूविकार, पोटविकार, मूत्रपिंडविकार, कर्करोग यांतले 'मोठे डॉक्टर' घडतात ते तिथे. आमच्याकडे बोलायला येणारे तरुण डॉक्टर आता याच पायरीवर अडलेले दिसतात. प्रश्नही बहुधा एकच असतो: "नीट-एसएसला गुण सरासरीच आलेत, कार्डिओलॉजीचा नाद सोडून द्यावा का?"

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. या पायरीवर सामाजिक आरक्षण नाही. 1992 च्या मंडल निकालात आरक्षण उचित नसलेल्या जागांच्या यादीत सुपर-स्पेशालिटीचा उल्लेख आला. 1999 मध्ये प्रीती श्रीवास्तव खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने या स्तरावर आरक्षण नको म्हणून सांगितले. म्हणजे बारावीपासून 'कोट्यातली' म्हणून टोमणे ऐकत आलेली मुलगी इथे खुल्या स्पर्धेतच उतरलेली असते. टोमणे काही थांबत नाहीत, हा भाग वेगळा. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी मात्र याच स्तरावर जागा राखता येतात. तामिळनाडूने तसे केले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अडवले नाही. म्हणजे जागा राखणे अशक्य नाही. कोणासाठी राखायच्या, एवढाच वाद आहे.

नीट-एसएसमध्ये 150 प्रश्न असतात, 600 गुण, आणि चुकीच्या उत्तराला वजा गुण. त्यातून वरचे काही क्रमांक आणि मधला मोठा घोळका यांच्यात फरक पडतो तो कशाने? आमच्या अनुभवात ज्ञानापेक्षा वेळेने. एमडी संपताच कुणाला वर्षभर घरी बसून अभ्यास करता येतो, कारण वडिलांचे हॉस्पिटल आहे आणि पगाराची घाई नाही. आमच्या मुलांपुढे त्याच वर्षी बंधपत्राची सेवा असते, शिक्षणाचे कर्ज असते, धाकट्या भावाची फी असते. रात्रपाळी करून पहाटे प्रश्नसंच सोडवणाऱ्याला सरासरी गुण मिळाले, तर त्याला सरासरी डॉक्टर कसे म्हणायचे? समाजशास्त्रात याला सांस्कृतिक आणि आर्थिक भांडवल म्हणतात. जानेवारी 2022 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यातील ओबीसी आरक्षण वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयानेही हेच मांडले, की परीक्षेतले गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे आणि गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भातच पाहावे लागते.

व्यवस्था तरी स्वतःच्या गुणांवर किती विश्वास ठेवते? 2023 मध्ये जागा रिकाम्या राहतात म्हणून नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. सुपर-स्पेशालिटीतही रिकाम्या जागांपायी अट शिथिल झालेली आहे. आरक्षणाने दोन पावले खाली आलेला कट-ऑफ 'गुणवत्तेचा खून' ठरतो आणि खासगी महाविद्यालयांच्या जागा भरण्यासाठी तळाला गेलेला कट-ऑफ 'प्रशासकीय निर्णय' ठरतो. त्या वेळी गुणवत्तेवर लेख लिहिणारे कुठे होते, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

तरीही केंद्रीय परीक्षेवर सरसकट राग धरू नये, असे आमचे मत आहे. 2017 पूर्वी संस्था आपापली निवड करत आणि अनेक ठिकाणी मुलाखतीला वजन असे. नीट-एसएसला आडनाव दिसत नाही. एम्स, पीजीआय अशा राष्ट्रीय संस्थांच्या आयएनआय-एसएसमध्ये मात्र लेखी परीक्षेनंतर विभागीय मूल्यांकनाचा दुसरा टप्पा आहे. तिथे नमुन्याची तयारी करून घेणारा ज्येष्ठ माणूस लागतो आणि आपल्या मुलांकडे नेमका तोच नसतो.

मग नाद सोडावा का? नाही. पण डोळे उघडे ठेवावेत. सरासरी गुणांवर पोटविकार किंवा हृदयरोग मोठ्या सरकारी महाविद्यालयात मिळणे अवघड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नीट-एसएसच्याच यादीतून डीआरएनबीच्या जागाही भरतात, त्यांत धर्मादाय आणि खासगी रुग्णालये असतात. पसंतीक्रम भरताना चार नामांकित संस्था टाकून थांबणारे आम्ही पाहिले आहेत. दुसऱ्या आणि नंतरच्या फेऱ्यांत चित्र बदलते. फक्त जागा सोडण्याचे नियम आणि दंड त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचल्याशिवाय पाऊल टाकू नये. हृदय शस्त्रक्रिया, बालशस्त्रक्रिया यांच्या जागा रिकाम्या राहतात म्हणून कर्जात असलेल्याने त्या डोळे मिटून घेऊ नयेत. स्वतंत्रपणे उभे राहायला तिथे फार वर्षे लागतात, आणि तालुक्याच्या गावी एकट्याने ते काम होत नाही.

रक्तविकाराचा विचार आपल्याकडे फार कमी मुले करतात. विदर्भात सिकलसेल आदिवासी आणि बौद्ध घरांत पिढ्यानपिढ्या आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या होतात, कार्डे वाटली जातात. पण वेदनेने तळमळणारे मूल रात्री घेऊन धावणाऱ्या आईला रक्तविकारतज्ज्ञ गाठण्यासाठी जिल्हा ओलांडावा लागतो. मेडिसिन किंवा बालरोगात एमडी केलेल्या मुलामुलींना हा मार्ग खुला आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत डायलिसिसची यंत्रे आली, त्यांच्याजवळ उभे राहणारे मूत्रपिंडतज्ज्ञ त्या प्रमाणात आले नाहीत. प्रतिनिधित्व म्हणजे केवळ नावापुढची पदवी नव्हे, ते इथे दिसते.

बाबासाहेबांना मॅट्रिकला 750 पैकी 282 गुण होते. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपण दर जयंतीला सांगतो. पुढचे कमी सांगतो. घरची परिस्थिती कॉलेजशिक्षण झेपण्यासारखी नव्हती, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 मध्ये कोलंबियाला जाणेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीमुळे घडले. पुस्तक एकदा दिले गेले, 25 रुपये मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहिले.

आज सत्काराचा मंडप, ध्वनिक्षेपक आणि जेवणावळ यांवर होणाऱ्या खर्चात एका एमडी झालेल्या डॉक्टरचे काही महिने अभ्यासासाठी मोकळे होऊ शकतात. दोन विहार समित्यांपुढे आम्ही हे मांडले. एका ठिकाणी विचारले गेले, "शिकून मुंबईला गेला आणि परत फिरकलाच नाही तर?" शंका खोटी नाही. म्हणून आम्ही साधा कागद सुचवला: डीएम झाल्यावर तेवढीच रक्कम पुढच्या डॉक्टरला, आणि महिन्यातून एक रविवार विहारातल्या दवाखान्यात. समितीने तो ठेवून घेतला आहे. पुढच्या बैठकीत रकमेवर बोलणी आहेत.