विकत घेतलेलें, पण आपलें नसलेलें पुस्तक

छापील ग्रंथांचे दिवस भरले, यापुढें वाचन व्हावयाचें तें पडद्यावरच, असें भाकीत हल्लीं सुशिक्षित घरांतून मोठ्या खात्रीनें ऐकूं येतें. उलट पक्षीं कोऱ्या कागदाच्या सुवासानें गहिंवरणारे ग्रंथप्रेमीहि आहेत. सुवासासाठीं अत्तर आहे. त्याकरितां कोणी ग्रंथ छापीत नाहीं. आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं मूळ प्रश्नास बगल दिली आहे.

आम्ही किनवटास राहतों. पैनगंगेच्या कांठचें, अरण्याच्या कडेचें, तेलंगणाच्या सीमेजवळचें हें गांव. नवें मराठी पुस्तक हवें तर नांदेड गांठावें, नाहीं तर टपालाची वाट पाहावी. अशा ठिकाणीं हातांतल्या यंत्रावर ग्रंथ क्षणांत उतरतो, याचा लाभ नाकारणें हा शुद्ध हटवाद होय. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची १८५७ सालची आवृत्ति शिकागो विद्यापीठामुळें आमच्या विद्यार्थ्यास घरबसल्या, तीहि विनामूल्य, पाहतां येते. मराठी विश्वकोशहि तसाच. याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों.

परंतु जें विनामूल्य मिळतें त्याची गोष्ट निराळी, आणि जें दाम मोजून घ्यावें लागतें त्याची निराळी. मोठ्या दुकानदारांचा करारनामा कोणी वाचतो काय? वाचला तर दिसेल कीं, तेथें बहुधा पुस्तक विकलें जात नाहीं. वाचण्याची परवानगी तेवढी दिली जाते. २००९ सालीं अमेझॉन कंपनीनें ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ व ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या कांहीं प्रती गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. ज्यानें त्या विक्रीस ठेविल्या त्यास तसा हक्क नव्हता, हें कारण. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें पुस्तकांचें दुकानच बंद केलें आणि घेतलेलीं पुस्तकें उघडेनाशीं झालीं. पैसे परत मिळाले, हें खरें. पण रात्रीं घरांत शिरून कपाटांतला ग्रंथ उचलावा आणि उशाशीं त्याची किंमत ठेवून जावें, या सौजन्यास आपण काय म्हणाल?

मराठवाड्यानें तरी हा प्रश्न हलका लेखूं नये. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यांत होतों. राज्यकारभार उर्दूंत, १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच. त्या काळीं येथें मराठी वाचन टिकलें त्यांत लहानसहान वाचनालयांचा व हातोहात फिरणाऱ्या पुस्तकांचा वांटा मोठा होता. एक प्रत दहा घरें हिंडे, पुठ्ठा सुटे, पुन्हा शिवला जाई. आजच्या पडद्यावरील विकत पुस्तकास शेजारच्या घरीं जाण्याची सहसा मुभाच नाहीं.

जुन्या मराठी पुस्तकांची आणखी एक रड आहे. संगणकावर जुळविलेलीं कित्येक पुस्तकें युनिकोडपूर्व टंकांत अडकून पडलीं आहेत, आणि त्याहून जुन्या पुस्तकांचीं बहुधा नुसतीं छायाचित्रें मिळतात. लहान पडद्यावर तीं ओळीगणिक सरकवीत वाचावीं लागतात.

आणि तरीहि “सर्व कांहीं मोबाइलवर आहे, वर्गणी कशाला?” असें म्हणून वाचनालय सोडणारीं कुटुंबें आमच्या परिचयाचीं आहेत; तीं गरीब नाहींत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालीं मान्यता मिळालेलीं, अ-ब-क-ड वर्गांत विभागलेलीं गांवोगांवचीं वाचनालयें तुटपुंज्या अनुदानावर कशीं चालतात, तें त्यांच्या ग्रंथपालासच विचारावें. त्यांस बंद पाडावयास सरकारच हवें असें नाहीं, आपणहि पुरेसे आहों.

आमचे एक सहाध्यापक नुकतेच वारले. अखेरच्या दहा वर्षांत त्यांनीं शेंकडों ग्रंथ यंत्रावरच घेतले होते. चिरंजीवांनीं दुकानदारास पत्रें लिहिलीं. उत्तर आलें कीं, खातें वारसास देतां येत नाहीं. घरांतलीं दोन लोखंडी कपाटें मात्र आमच्या महाविद्यालयांत आलीं. पहिल्याच आठवड्यांत त्यांतलीं चौदा पुस्तकें मुलांनीं घरीं नेलीं. समासांत गुरुजींच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडूं नयेत अशी सूचना आम्ही लाविली आहे.