आडनावाची ढाल कुणाची?

निकाहच्या पत्रिकेवर मधोमध ढाल, दोन्ही बाजूंना सिंह आणि खालच्या फितीवर आडनाव, असा छाप हल्ली कुठे कुठे दिसतो. इंग्लंडातला एखादा पुतण्या दुकानातून चौकट विकत घेतो आणि "हे आपलं खानदानी चिन्ह" म्हणून घरी पाठवतो. वडीलधारी मंडळी हसतात, पण चौकट दिवाणखान्यात लागते. उद्या स्थळ पाहायला आलेल्यांना तीच दाखवली जाते, आणि मुलांना ती खरी वाटू लागते.

ज्या देशातून ही हौस आली, तिथला कायदा मात्र वेगळं सांगतो. लंडनला 'कॉलेज ऑफ आर्म्स' ही संस्था १४८४ पासून आहे. ती कुलचिन्ह आडनावाला देत नाही, एका माणसाला देते. पुढे ते त्याच्या वंशात बापाकडून मुलाकडे जातं. त्याच आडनावाच्या शेजाऱ्याचा त्यावर काही हक्क नाही. १५३० ते १६८८ या काळात तिथले अधिकारी परगण्यांत फिरून वंशावळी तपासत, आणि पुरावा नसलेल्याला आपला दावा सोडावा लागे. सगळ्या स्मिथांचं मिळून एक चिन्ह नसतं, तर सगळ्या मुल्लांचं किंवा इनामदारांचं कुठून येणार? ही तर कामावरून पडलेली नावं!

कामावरून चिन्ह ही रीतही जुनीच. इजिप्तमध्ये मामलुकांच्या राज्यात (१२५० ते १५१७) अमीरांच्या चिन्हाला 'रंक' म्हणत. सुलतानाला पेय देणाऱ्या साकीचा प्याला, दवादाराची कलमदानी, चौगानच्या काठ्या सांभाळणाऱ्याच्या त्या काठ्या. इमारतींवर, दिव्यांवर, भांड्यांवर ती आजही पाहायला मिळतात. सुलतान बैबर्सचा सिंह तर त्याच्या नाण्यांवरही आहे.

आपल्याकडे शोधायचंच असेल तर ढाल सोडा, मोहोर शोधा. काझी, खतीब, देशमुख, इनामदार अशा घरांतल्या जुन्या पेटीत सनदा, महजर, निकाहनामे असतात, आणि त्यांवर शाईचा गोल किंवा चौकोनी ठसा असतो. फारसी मोहोरेच्या ओळी पुष्कळदा खालून वर वाचाव्या लागतात. काझीच्या मोहोरेत 'खादिम-ए-शरअ', त्याचं नाव आणि बहुधा हिजरी सन सापडतो. सन ११५० असेल तर तो इसवी १७३७-३८. नवा काझी आला की नवी मोहोर कोरली जाई, म्हणून तिच्यावरून घराण्याचं नव्हे, त्या एका माणसाचं वर्ष पक्कं होतं.

मराठी कागद मोडी लिपीत असतील. त्यांतला सन अरबी शब्दांत येतो: 'खमस अशरीन मया व अलफ' म्हणजे पाच, वीस, शंभर आणि हजार, एकूण ११२५. हा शुहूर सन आहे, हिजरी नव्हे. त्यात ५९९ मिळवले की १७२४ येतं, आणि वर्ष मृगाला बदलत असल्याने १७२४-२५ लिहावं. इथे घाई केली की आजोबांचे पणजोबा शंभर वर्षं मागे सरकतात.

घरात काही उरलं नसेल तरी वाट बंद होत नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामदारांकडून सनदा मागवून तपासल्या. ते दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. जाताना गावाचं, तालुक्याचं आणि इनाम कशाबद्दल होतं त्याचं नाव हाताशी ठेवा. नुसत्या आडनावावर काही मिळत नाही.

आणि सापडलेला कागद प्लॅस्टिकमध्ये पक्का करू नका, तो त्यातच खराब होतो. फोटो काढा, कागद सुती कापडात सपाट ठेवा, आणि फारसी जाणणाऱ्याकडून वाचून घेईपर्यंत पत्रिका छापायला टाकू नका.