हीटर आंबोलीला, पंखा मालवणात

मालवणात नवा फिशटँक घरात आला की फिल्टर, वाळू, प्लॅस्टिकची झाडं यांच्याबरोबर हीटरही येतोच. नको म्हटलं तर लगेच प्रश्न: "हीटर नाय तर मासो जगतलो कसो?" जगतो की! लिटरमागे एक वॅट हा हिशेब थंड मुलखातला. गप्पी, मोली, एंजल यांना साधारण 24 ते 28 अंशांचं पाणी मानवतं आणि समुद्राकाठच्या घरात जानेवारीतही पाणी त्याहून फारसं खाली जात नाही. आंबोली घाटावर आहे, तिथे हीटर हवाच. कुडाळ-कणकवलीकडे पहाटेचा गारठा बघून ठरवावं. किनाऱ्यावर मात्र ते पैसे पंख्यात घाला.

कारण आपल्याला छळतो तो मे महिना. स्लॅब दिवसभर तापतो, रात्रभर घरात उष्मा सोडतो, आणि टाकीतलं पाणी तिशी ओलांडतं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. त्यांना उकडत असेलही, पण आधी त्यांचा श्वास अडलेला असतो. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. म्हणून हवेचा पंप दिवसरात्र चालू, दिवा कमी वेळ, खाणं निम्मं. (गोल्डफिश तर मुळात थंड पाण्याचा. तो आपल्याकडे इतका का खपतो, देव जाणे.)

बर्फाची पिशवी टाकू नका. हळूहळू चढलेली उष्णता मासा पुष्कळ सोसतो, घटकाभरात उतरलेले चार अंश त्याला झेपत नाहीत. त्यापेक्षा झाकण काढून वर जाळी बसवा, नाहीतर गप्पी जमिनीवर सापडतील, आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतं, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीचे जवळजवळ सहा अंश. पण हे कागदावर. आपली हवा आधीच ओलीचिंब. नागपूरला कूलर चालतो आणि मालवणात त्याच्यासमोर बसून घाम येतो, तो याच कारणाने. इथे दोन-तीन अंशच उतरतील. तेवढे बहुधा पुरतात.

उडालेल्या पाण्याची भर विहिरीच्या पाण्याने घाला. खोल विहिरीचं पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ, सव्वीस-सत्तावीस अंशांवर राहतं, त्यामुळे ते मे महिन्यात गार आणि पहाटेच्या थंडीत कोमट लागतं. स्लॅबवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी चुकूनही घेऊ नका. विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर पाणी बादलीत काढून, हवेचा पंप लावून दिवसभर ठेवा. आणि क्षार उडून जात नाहीत, टाकीतच साठतात. म्हणून नुसती भर न घालता आठवड्याला थोडं जुनं पाणी काढतही चला.

राहिली वीज. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि कित्येक गावं काही दिवस अंधारात राहिली. अशा वेळी पंखाही बंद, पंपही बंद. तेव्हा तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत टाकीत सोडायचं, दर तासा-दोन तासांनी, घरातल्या माणसांनी पाळ्या लावून. वीज येईपर्यंत खाणं पूर्ण बंद. धडधाकट मोठा मासा काही दिवस उपाशी आरामात राहतो.