कापसाचे सोने कोणाच्या पदरी पडले?

सोन्याच्या शोधाने वसाहतींचे अर्थकारण कसे पालटले, हे सांगताना कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया यांची नावे हटकून घेतली जातात. मेहरूणच्या तलावाकाठच्या बोरींपासून तापीपर्यंत पसरलेल्या काळ्या जमिनीचे नाव कोणी घेत नाही. या मातीत सोन्याची खाण कधीच नव्हती, हे खरे. परंतु 1861 ते 1865 या काळात खानदेशावरून जी लाट गेली, तिची जात तीच होती.

अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. एरवी हलका म्हणून हिणवला जाणारा हिंदी कापूस लिव्हरपूलला कित्येक पटींनी महागला. त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेचे रूळ खानदेशात येऊन पोचले आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. वजन वाढविण्यासाठी कापसात सरकी, माती, पाणी मिसळण्याचा प्रकार एवढा बोकाळला की, 1863 साली मुंबई सरकारला खास कायदा करावा लागला. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याची कथा त्या काळचीच. ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. पण अशा कथा दुष्काळात जन्म घेत नाहीत.

मुंबईत या पैशाने वेगळेच रूप घेतले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनिकांच्या पुढाकाराने बॅक बे भरावाच्या कंपनीपासून नाना कंपन्यांचे भाग चढत्या भावाने विकले जाऊ लागले. एप्रिल 1865 मध्ये जनरल ली शरण आला, कापूस कोसळला आणि जुलैमध्ये मुंबईचा सट्टाबाजारही कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचे दिवाळे वाजले. मुंबई त्यातून सावरली, पुढे गिरण्यांचे शहर झाली. खानदेशच्या कुणब्याला सावरायला असे दुसरे काही नव्हते.

येथे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाशी तुलना उद्बोधक ठरते. 1851 मध्ये तेथे सोने सापडले तेव्हा वस्ती पाऊण लाखाच्या आसपास होती. दहा वर्षांत ती सव्वापाच लाखांवर गेली. मजूर मिळेनासा झाला, मजुरी चढली. परवान्याच्या जाचक शुल्काविरुद्ध 1854 साली बॅलराट येथे खाणकऱ्यांनी बंड केले. ते मोडले गेले, पण पुढच्याच वर्षी ती परवानापद्धती रद्द झाली आणि 1857 मध्ये प्रौढ पुरुषांना मताचा हक्क मिळाला. तेथील आदिवासींच्या वाट्याला मात्र उच्छेदच आला, हे विसरता येणार नाही.

खानदेशातही जमीनमोजणीविरुद्ध 1852 साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत रयत उठली होती. तेथे सैन्य आले. मताचा हक्क आला नाही. फरक सोन्यात आणि कापसात नव्हता, राज्य कोणाला उत्तरदायी होते, यात होता.

तेजीत जमिनीची किंमत वाढली, तशी रयतेची पतही वाढली. सावकाराने चढ्या भावाकडे पाहून कर्ज दिले. फेड आली ती उतरत्या भावात. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत 3 वर्षांवर आणलेली. कायदा कर्जदाराच्या हिताचा म्हणून केलेला, पण सावकार दर 3 वर्षांनी नवे खत लिहून घेई आणि व्याज मुद्दलात मिळवी. कोर्टाचा हुकूमनामा मिळाला की जमीन हातची जाई. पुणे आणि नगर जिल्ह्यांत 1875 साली सावकारांची दप्तरे जळली, तेव्हा सरकारला जाग आली. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने संरक्षण दिले, तेही आरंभी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरते. खानदेशात दंगा झाला नव्हता. म्हणून बहुधा त्याचे दुखणे दुखणे ठरले नाही.

तेजीत घरात आलेला पैसा शेतकऱ्याने दागिन्यांत घातला, याला इंग्रज अधिकारी उधळपट्टी म्हणत. हा आरोप अन्यायाचा आहे. ज्याला बँक नाही, विमा नाही आणि पावसाचा भरवसा नाही, त्याने दुसरे काय करावयाचे होते? मेहरूण आज जळगाव शहरात सामावले आहे आणि जळगावचा सराफ बाजार दूरवर नाव मिळवून आहे. कापूस विकला गेला की तेथे पाटल्या घडतात. पुढच्या पेरणीच्या तोंडावर त्यांतल्या किती तरी तारण म्हणून त्याच पेठेत परत येतात.